नोंदलं म्हणजे नोंदलं

आष्टी, ता. परतूर, जि. जालना
१२ जून २०२४

गंधाली,

माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. आधीच सांगते, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघत बसणार नाहीस.

तू माझा नंबर बंद केलास. कंपनीचा मेल केदारने बंद केला, तोही मला काढल्याचं कळवायच्या आधी. म्हणून पोस्टाने लिहितेय. रजिस्टर केलंय. घेतलं नाहीस तर माझ्याकडे परत येईल आणि मी पुन्हा टाकेन. केदार तुझा नवरा आहे आणि कंपनीचा मालकही. माझा तो नुसता मालक होता, आता तोही नाही, त्यामुळे मला मोकळेपणाने लिहिता येतं.

काय झालं ते त्याच्याकडून ऐकलंच असशील. आता माझ्याकडून ऐक.

२९ मेला मी आपल्या डेटाबेसच्या, 'कणगी'च्या वेबसाइटवरचं पहिल्या पानाचं वाक्य काढलं. 'नोंदलं म्हणजे नोंदलं.' पाच वर्षं ते तिथं मोठ्या अक्षरात होतं. त्याच्या जागी मी लिहिलं, 'वीज अचानक गेली तर शेवटच्या तीस सेकंदांतल्या नोंदी जाऊ शकतात. त्या कशा वाचवायच्या, ते इथे वाचा.' केदारने चाळीस मिनिटांत जुनं वाक्य परत लावलं. मला लिहिलं, 'आपल्याच दुकानाच्या पाटीला डांबर फासलंस.' संध्याकाळी कणगी घडवणाऱ्यांच्या यादीतून माझं नावही गेलं.

ज्या डेटाबेसचा कोड तू लिहिलास, त्याचे सगळे शब्द मी लिहिलेत. ओपन सोर्स म्हणजे काय ते सांगणारं पानही माझंच आहे. 'कोणीही उघडून बघावं, वापरावं, चूक दिसली तर दुरुस्त करावी.' मला चूक दिसली. मी दुरुस्त केली. यात डांबर कुठून आलं?

वाटूरच्या दवाखान्यात कणगी मीच नेली. ट्रस्टचा दवाखाना आहे, चाळीस खाटांचा. जुनी रजिस्टरं उंदरांनी कुरतडलेली. मी म्हटलं, हे वापरा, आतला कोड कोणालाही तपासता येतो आणि बनवणारी माझी मैत्रीण आहे. मार्चपासून तिथं कागद बंद झाला.

६ मेला दुपारी कौसल्याताईंनी शीतल नावाच्या एका बाईची माहिती भरली. ताई तिथं बावीस वर्षं नर्स आहेत. शीतल सात महिन्यांची गरोदर. तिला एका इंजेक्शनची रिअॅक्शन येते, पहिल्या बाळंतपणात जीव जाता जाता राहिला होता. जुनी चिठ्ठी तिनं दाखवली, ताईंनी बघून इंजेक्शनचं नाव भरलं. स्क्रीनवर हिरवी खूण आली, 'नोंद झाली'. तेवढ्यात लाइट गेली. दहा मिनिटांनी आली, मशीन पुन्हा सुरू झालं, ताईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात दुसरी नर्स होती. तिनं शीतलचं पान उघडलं. रिअॅक्शनचा रकाना कोरा होता. तिनं तेच इंजेक्शन दिलं. शीतलला नाव वाचता येत नव्हतं, आणि आपण कालच सगळं सांगितलंय म्हणून ती निर्धास्त होती.

दोन दिवस जालन्यात आयसीयूत होती. वाचली. बाळही वाचलं. कौसल्याताईंना मात्र कामावरून बाजूला करून चौकशी लावली. २४ तारखेला त्या माझ्या घरी आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "मी नोंद केल्ती, मॅडम. हिरवी खूण आल्ती. मी काय आंधळी हाय का?"

दवाखान्यानं तुमच्या मदत विभागाला विचारलं होतं. तिथून उत्तर गेलं की आमच्या सॉफ्टवेअरमधून नोंद हरवत नाही, कृपया पहिलं पान पाहावं. दवाखान्यानं ते पान छापून चौकशीच्या फाइलला लावलं. माझ्या वाक्याखाली लाल पेनानं रेघ आहे. म्हणजे मशीन खरं आणि बाई खोटी.

ताई गेल्यावर मी कोड उघडून बघितला. मला तो तुझ्याइतका येत नाही, पण तीस हा आकडा वाचता येतो. कणगी आधी हिरवी खूण दाखवते आणि मंग सवडीनं, तीस सेकंदांतून एकदा, नोंदी डिस्कवर उतरवते. त्या आधी लाइट गेली की गेलं.

हे मला आधी ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर वाक्य तेव्हाच काढलं असतं.

चौकशी १९ जुलैला आहे. मी जाणार आहे.

आसिफा


आष्टी
२० जून

गंधाली,

बकरी ईद झाली. दहा वर्षांत पहिल्यांदा तुझा फोन आला नाही. तू मटण खात नाहीस, पण दर वर्षी फोन करून पदार्थांची नावं विचारायचीस आणि नाकं मुरडायचीस. या वेळी घरात कोणी नाक मुरडलं नाही, जेवण बेचव वाटलं.

तुझ्याऐवजी वकिलाचं पाकीट आलं. त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली, मी लिहून द्यायचं की २९ मेचा बदल मी अपुऱ्या माहितीवर केला आणि कणगीतून नोंदी जात नाहीत. दुसरी, १९ जुलैला वाटूरला जायचं नाही. त्या बदल्यात नोकरी परत आणि यादीत नावही परत. न केल्यास बदनामीचा दावा.

ज्या वाक्यासाठी एवढं चाललंय ते कुठं जन्मलं, आठवतं? जालन्यात तुमच्या घरी, तुझ्या आईच्या, रजनीकाकूंच्या जेवणाच्या टेबलावर. पहिल्या पानासाठी शब्द निवडायला आपण तिघं बसलो होतो. केदारने यादी आणली होती, 'अभेद्य', 'अचूक', 'जगात सर्वात वेगवान'. मी एकेक खोडत गेले. 'अभेद्य' म्हटलं की माणसाला किल्ला आठवतो, दवाखान्याचं रजिस्टर आठवत नाही. मंग 'मोफत' की 'मुक्त' यावर दीड तास गेला. केदारला 'मोफत' हवं होतं. मी म्हटलं, आमच्या आष्टीच्या बाजारात फुकट म्हटलं की लोक वस्तू आधी उलटून बघतात, कुठं तडा गेलाय का म्हणून. 'मुक्त' म्हटलं तर त्यांना विद्यापीठ आठवतं. शेवटी मी लिहिलं, 'आतून उघडी'. तुला ते आवडलं. केदार म्हणाला, उघडी काय, गटार आहे का?

तेव्हा तू वैतागून टेबलावर हात मारलास, डाळीची वाटी कलंडली. "अरे, नोंदलं म्हणजे नोंदलं! एवढंच काम आहे तिचं, तेवढं सांगा की." मी ते जसंच्या तसं वहीत उतरवलं. म्हणजे शब्द तुझे होते. मी फक्त ते वाया जाऊ दिले नाहीत. आणि त्या दिवशी ते खरे होते. तेव्हा कणगी आधी डिस्कवर लिहायची आणि मंग हिरवी खूण दाखवायची. हळू होती, पण खोटं बोलत नव्हती.

अब्बांना वकिलाचं पत्र वाचून दाखवलं. तू ओळखतेसच त्यांना. आष्टी ते परतूर रस्त्यावरच्या अर्ध्या पाट्या ख्वाजामियाँच्या हातच्या. फ्लेक्स आल्यापासून आता ट्रॉलीवर नावं रंगवतात. मला वाटलं ते पाठ थोपटतील. ते म्हणाले, "सही कर दे, बेटा. मैं चालीस साल 'शुद्ध घी' लिख्या. घी मैं थोडीच बनाया?"

मी म्हटलं, "अब्बा, इथं कढईपाशी मीच उभी होते."

ते ब्रश धुवायला उठून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. घरात मी एकटी पडलेय हे तुला कळावं म्हणून लिहिलं. तरी सही करणार नाही.

आसिफा


आष्टी
२ जुलै

गंधाली,

परवा रजनीकाकू आल्या. तू पाठवलंस की त्या आपल्या मनानं आल्या, विचारलं नाही. एकट्याच आल्या, बाहेर गाडी उभी करून. अम्मी गेल्यापासून आमच्या घरात पाहुण्यांना नीट बसवणारं कोणी नाही. मी चहा केला, तो जास्त उकळला.

काकूंनी पिशवीतून तेच कागद काढले, या वेळी वकिलाचं पाकीट नव्हतं.

"आसिफा, चार वर्षं माझ्या घरी राहिलीस. मी कधी काही मागितलं?"

"न्हाई काकू."

"गंधाली आणि तू, मी ताटात कधी फरक केला?"

"बिलकुल न्हाई."

"मग आज मागते. एक सही आहे."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. कंपनीत चाळीस माणसं आहेत म्हणाल्या. कुठलीशी मोठी दवाखान्यांची साखळी कणगी घ्यायच्या तयारीत होती, माझा बदल त्यांच्या माणसानं पाहिला आणि आता सगळं लटकलंय. तू जेवत नाहीस. केदार घरात आरडाओरडा करतो. "तुझ्या एका ओळीनं, बाई."

मी म्हटलं, "काकू, त्या साखळीत किती कौसल्या असतील?"

"ती बाई खरंच बोलतेय, हे तुला कशावरून? चूक झाली असेल तिची. माणसाची होते."

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी दिलं नाही. चहाचे कप उचलून आत गेले आणि धुऊन ठेवले. बाहेर आले तेव्हा काकू उभ्या होत्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तू बदललीस." त्यांच्या गाडीची धूळ बसेपर्यंत दारात उभी होते.

त्यांच्यावर माझा राग नाही, हे त्यांना सांग. तू सांगणार नाहीस, म्हणून मी वेगळं पत्र टाकतेय.

कागद त्या इथंच ठेवून गेल्या. चांगला जाड कागद आहे, एका बाजूनं कोरा. हे पत्र त्याच्याच मागच्या बाजूवर लिहिलंय. उलटून बघ. सहीची जागा रिकामीच आहे.

आसिफा


आष्टी
११ जुलै

गंधाली,

पहिल्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. ते तुला वाचल्याबरोबर कळलं असणार, कारण साक्षीदार तूच आहेस. तू गप्प राहिलीस. कदाचित तेवढ्यासाठीच गप्प आहेस, की हिला आपल्या पायांनीच पडू द्यावं.

तर घे.

नोव्हेंबर २०२२. दिवाळी होऊन गेलेली. मी जालन्याच्या बस स्टँडवर परतूरच्या गाडीची वाट बघत होते. तुझा फोन आला. तू खूप खूश होतीस. म्हणालीस, "केदारनं एक सेटिंग बदललं. आता डिस्कवर तीस सेकंदांनी एकदाच लिहितो. आसिफा, तुलनेच्या चाचणीत आपण पहिले येऊन राह्यलो! दहापट वेग!" पुण्यात राहून तुझं 'राह्यलो' सुटलं नव्हतं, ते ऐकून मला बरं वाटलं.

मी विचारलं, "मंग ते वाक्य?"

मंग म्हणालीस, "वाक्य चांगलंय. राहू दे. ज्यांना काळजी आहे ते सेटिंग बदलून घेतील. आत लिहिलंय सगळं."

सेटिंग कोण वाचतं, असं मी तेव्हा विचारायला हवं होतं. मी "बरं" म्हणाले. गाडी लागली, गर्दी धावली, मला खिडकीची जागा मिळाली. घरी येईस्तोवर मी ते विसरलेही नव्हते आणि आठवतही नव्हते. पुढच्या आठवड्यात त्याच पानावर मीच लिहिलं, 'आता दहापट वेगवान'. 'नोंदलं म्हणजे नोंदलं' त्याच्या बराबर वर होतं. दोन्ही एकाच पानावर, माझ्याच हातची. आणि यंदा जानेवारीत तेच पान मी वाटूरच्या लोकांना दाखवलं.

म्हणजे काकूंनी विचारलं, कशावरून, तर यावरून. मला दीड वर्ष ठाऊक होतं.

कौसल्याताईंना हे अजून सांगितलेलं नाही. त्या मला चांगलं माणूस समजून राह्यल्या. परवा शेतातली शेपू घेऊन आल्या होत्या. त्यांचे यजमान रखमाजी म्हणाले, "तुमच्यासारखं कोन करतंय आजकाल?" मी शेपू ठेवून घेतली. भाजी करून खाल्लीसुद्धा.

१९ तारखेला मी हे सगळं सांगणार आहे. मला ठाऊक होतं हेही. तुझा फोन आल्ता हेही. वकिलाला कळव. त्याला म्हणावं, बदनामीचा दावा टाकायचाच तर माझ्यावर माझ्याच वतीनं टाक.

तुला आधी सांगतेय ते तुझ्या सोयीसाठी नाही. मागून कळलं असं तू म्हणायला नको, एवढ्यासाठी.

आसिफा


आष्टी
२२ जुलै

गंधाली,

झालं. जसं झालं तसं सांगते.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत टेबलाच्या पलीकडे तिघं बसले होते. मधे ट्रस्टचे अध्यक्ष काकासाहेब, जुने मास्तर, कानात मशीन. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला तुमच्या कंपनीनं पाठवलेला एक तरुण माणूस, इस्त्रीचा शर्ट. अलीकडे कौसल्याताई. त्यांना खुर्ची दिली होती पण त्या बसल्या नव्हत्या.

काकासाहेबांनी फाइलमधलं छापलेलं पान माझ्यासमोर धरलं. "हे कोणी लिहिलं?"

"मी."

"खरं आहे का?"

"न्हाई. दीड वर्षापासून न्हाई. आणि मला ते ठाऊक होतं."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. बाकीच्यांनी काय केलं ते मला दिसलं नाही.

शर्टवाला उठला. हे व्यक्तिगत मत आहे, मॅडमना काढलेलं आहे, त्यांचा राग आहे वगैरे म्हणाला. काकासाहेबांनी त्याला हातानं बसवलं. मला म्हणाले, "तोंडानं सांगू नका. दाखवा."

मी अब्बांच्या मोटरसायकलवरून एक जुना कॉम्प्युटर आणला होता. हो, अब्बाच घेऊन आले. सकाळी त्यांनी दोरीनं तो मागं बांधला आणि किक मारली. त्या मशीनवर कणगी जशी तुम्ही देता तशीच टाकली होती, एकही सेटिंग न बदलता. मी ताईंना म्हटलं, तुम्हीच भरा. त्यांनी भरलं. नाव, वय, रिअॅक्शन. हिरवी खूण आली. काकासाहेब स्वतः उठले आणि त्यांनी भिंतीतली पिन उपटली.

मशीन पुन्हा सुरू केलं. नोंद होती.

शर्टवाला हसला, मोठ्यानं नाही. नोंद भरून पिन उपटेपर्यंत मधे तीस सेकंदांची फेरी येऊन गेली होती, हे मला कळत होतं, पण ते सांगितलं असतं तर बहाणा वाटला असता. कौसल्याताई म्हणाल्या, "परत भरते." कोणाची परवानगी न घेता त्या बसल्या आणि भरू लागल्या. हिरवी खूण आली. त्यांनी काकासाहेबांची वाट बघितली नाही. वाकून स्वतःच पिन ओढली.

मशीन सुरू झालं. रकाना कोरा.

तिसऱ्यांदा. कोरा.

चौथ्यांदा नोंद राहिली. काकासाहेबांनी कानातलं मशीन नीट बसवलं. "म्हणजे कधी राहते, कधी जाते?"

"हो."

"आणि खूण दर वेळी हिरवीच?"

"हो. तेच कुठं लिहिलं नव्हतं."

त्यांनी शर्टवाल्याकडे बघितलं. तो मोबाइलवर काहीतरी लिहीत होता, बहुतेक केदारला. काकासाहेबांनी फाइलमधून ते छापलेलं पान काढलं, त्याच्यापुढं सरकवलं आणि म्हणाले, "हे तुमचं. घेऊन जा."

कौसल्याताई सोमवारपासून, म्हणजे आजपासून कामावर आहेत. त्यांच्या फाइलवर शेरा नाही. शीतलच्या घरच्यांना दवाखान्यानं लेखी कळवलं की चूक कोणाची होती. त्या कागदावर कंपनीचं नाव आहे, आणि मी सांगून माझंही घालायला लावलं. शीतलच्या सासूबाई गिरिजाबाई तो कागद घेऊन माझ्या घरी आल्या होत्या. भांडायला. अर्धा तास भांडल्या, मी ऐकून घेतलं. बरोबरच होतं.

आता तुला वाटत असेल, ताई माझ्या गळ्यात पडल्या असतील. खोलीतून बाहेर पडल्यावर जिन्यात त्यांनी मला थांबवलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"मी तुमच्या दारात आल्ते तवाबी?"

"तेव्हाही."

त्यांनी पदर खोचला. "तुम्ही आलात, खरं बोललात, ते मी कुनालाबी सांगीन. पर शेपू आता आनणार न्हाई." आणि खाली उतरून गेल्या.

मला याचं दुःख झालं. तरी जे केलं त्यातलं काही परत घेणार नाही, ना त्यांच्यापुढचं, ना तुमच्याविरुद्धचं. दावा टाकायचा तर टाका. पत्ता वर आहेच.

आसिफा


आष्टी
९ ऑगस्ट

गंधाली,

तुझं पत्र मिळालं. आठ आठवड्यांत सहा ओळी. तुझं अक्षर अजून तसंच आहे, डॉक्टरसारखं.

तुझ्या सहा ओळी येण्याआधीच मला कळलं होतं. कणगीतले बदल सगळ्या जगाला दिसतात, मलाही दिसले. ३१ जुलैला सकाळी तुझ्या नावानं बदल झाला. आता आधी डिस्क, मंग हिरवी खूण. तुलनेच्या चाचणीत आपण पहिल्यावरून सातव्यावर गेलो. 'आपण' असं चुकून लिहिलं, खोडत नाही. बदलाबरोबर कारण लिहायचं असतं, तिथं तू दोनच शब्द लिहिलेस, 'चूक सुधारली'. कोणाची ते लिहिलं नाहीस. मला चालेल. लिहिलं असतंस तर जास्त आवडलं असतं.

केदारशी यावरून काय झालं असेल याची कल्पना मला आहे. ती साखळी हातची गेली, असं तू लिहितेस. त्या चाळीस माणसांचा विचार माझ्याही डोक्यात येतो. त्यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही.

तू लिहितेस, परत ये. यादीत नाव पुन्हा घातलंय, ते पाहिलं. ठेव किंवा काढ. मी येणार नाही. मला इथं काम आहे. वाटूरच्या दवाखान्यानं कणगी ठेवली, हे तुला ठाऊक आहे का? काकासाहेब म्हणाले, उघडी आहे म्हणून तर चूक सापडली, बंद असती तर बाई गेली असती कामावरून. आता वाटूर आणि आसपासच्या आणखी तीन दवाखान्यांसाठी मी साध्या मराठीत एक पुस्तिका लिहितेय, लाइट गेली तर काय बघायचं, खूण आली तरी काय तपासायचं. तिच्या मुखपृष्ठावरची अक्षरं अब्बा रंगवणार आहेत. त्यांनी आधी सगळी पुस्तिका माझ्याकडून वाचून घेतली, दोन ठिकाणी अडवलं आणि म्हणाले, "ये सच है क्या?" चाळीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाला हे पहिल्यांदा विचारलं असेल.

आणि तुझी शेवटची ओळ. 'आता ते वाक्य खरं झालंय, परत लावू का? नाहीतर पहिल्या पानासाठी तू दुसरं सुचव.'

नाही आणि नाही. ते वाक्य लावायचं नाही. ते एका बाईविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं गेलंय, त्याला आता हात लावू नकोस. दुसरं मी सुचवणार नाही. इतकी वर्षं तू कोड लिहिलास, मी शब्द लिहिले, आणि दोघींनी एकमेकींच्या कामात डोकावलं नाही. ते सोयीचं होतं. म्हणूनच हे झालं. या वेळी शब्द तू लिही.

पण पुण्यात बसून लिहू नकोस. नांदेडकडं जाणाऱ्या गाडीनं ये, वाटूर फाट्यावर उतर. मी न्यायला येणार नाही. दवाखाना कोणीही दाखवेल. एक दिवस कौसल्याताईंच्या शेजारी थांब, त्या नोंदी भरताना बघ. दुपारी लाइट जाईल, तेव्हा त्यांचं तोंड बघ. मंग काय लिहायचं ते लिही.

ताईंना मी सांगितलंय, ज्यांनी हे बनवलं त्या बाई येतील. ताई माझ्याशी अजून कामापुरतंच बोलतात. म्हणाल्या, "येऊ द्या की. पर खुर्ची एकच हाय."

तेव्हा उभं राहायच्या तयारीनं ये.

आसिफा